मांजरीचा चार्ज

सरकारी नोकरीत माणसाला कशाकशाचा चार्ज घ्यावा लागेल याला काही धरबंध नसतो. पांढरकवड्याच्या बांधकाम खात्यातले कारकून श्रावण मुनेश्वर यांनी बारा वर्षांच्या नोकरीत डांबराच्या पिंपांचा चार्ज घेतला होता, बंद पडलेल्या एका रोडरोलरचा घेतला होता, आणि पूल पुरात वाहून गेल्यावर त्याच्या उरलेल्या तीन कठड्यांचाही घेतला होता. पण १९६२ च्या जूनमध्ये खात्याचे इंजिनिअर टिपणीस साहेब यांनी त्यांना बंगल्यावर बोलावून टेबलावरच्या वेताच्या टोपलीकडे बोट दाखवले, तेव्हा मात्र त्यांची पेन्सिल क्षणभर कानावरच राहिली. टोपलीत मांजरीचे पिल्लू होते.

साहेबांना सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला उत्तरेत जायचे होते. टिपणीसबाई बरोबर जाणार होत्या. मांजर जाणार नव्हती. ती बाईंच्या बहिणीने मुंबईहून पाठवलेली, एका पारशीणबाईकडून मोठ्या वशिल्याने मिळवलेली, खानदानी सयामी मांजर होती. तिला रोज मासळी लागे. ऑफिसचे हेडक्लार्क काणे यांच्या घरी अंड्याचे नावही घेत नसत. बाकीच्यांपैकी जे मासळी खात त्यातले बरेच जण तिच्याबरोबर आणखी काहीतरी घेत. मासळी शिजते आणि बाटली येत नाही असे ऑफिसात एकच घर निघाले, ते मुनेश्वरांचे. साहेबांनी हे त्यांना शाबासकीच्या सुरात सांगितले. मुनेश्वर आजवर त्या बंगल्याच्या ओट्यापर्यंतच गेले होते. बैठकीच्या खोलीत ते पहिल्यांदा गेले ते मांजरीमुळे. याचा आनंद मानावा की कसे, हे त्यांना घरी पोहोचेपर्यंत ठरवता आले नाही.

बाईंनी मांजरीची माहिती दिली. ही जात मूळची सयामची. तिथे ती राजवाड्यात आणि बौद्ध मठांत असे, परक्याला देत नसत. राजकन्या नदीवर आंघोळीला जाताना आपल्या अंगठ्या हिच्या शेपटीत घालून ठेवायची, म्हणून शेपटीचे टोक जरा वाकलेले. देवळातल्या सोन्याच्या पात्रावर रात्रंदिवस पहारा करून डोळे किंचित तिरळे झालेले. स्वभावाने ही कुत्र्यासारखी, माणसाला धरून राहणारी. आणि बोलकी. "फार बोलते हं," बाई म्हणाल्या. मुनेश्वरांना ते कौतुक वाटले. ती सूचना होती.

मग बाईंनी एक टाईप केलेला इंग्रजी कागद दिला. मांजरीचे नाव प्रिन्सेस सोमावती ऑफ मलबार हिल. खाली बापाचे नाव, आईचे नाव, आजे-आज्या, पणजे-पणज्या, अशा तीन पिढ्या. मुनेश्वरांना स्वतःच्या आज्याच्या पलीकडचे नाव ठाऊक नव्हते आणि पटवाऱ्याच्या दप्तरातही ते कुणी लिहून ठेवलेले नव्हते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि अदबीने घडी घातली.

इथवर सगळे ठीक होते. दुसऱ्या कुणी टोपली उचलून नमस्कार केला असता. पण मुनेश्वर बिनपावतीने टाचणीसुद्धा न घेणारे गृहस्थ. त्यांनी तिथल्या तिथे तीन प्रतींत चार्ज रिपोर्ट तयार केला. मांजर, मादी, नग एक. वय दीड महिना. रंग पांढरा शुभ्र. डोळे दोन, निळे, किंचित तिरळे (मूळचे). शेपटी एक, टोकाला वाकलेली (मूळची). साहेबांनी हसत सही केली, मुनेश्वरांनी न हसता केली. जानेवारीत काणे निवृत्त व्हायचे होते, त्यांच्या जागेवर कोण बसणार हे टिपणीस साहेबांच्या गोपनीय शेऱ्यावर ठरायचे होते, आणि ज्याच्या नावावर बारा वर्षांत एक प्रतिकूल शेरा नाही अशा माणसाने सहीच्या वेळी हसायचे नसते.

घरी त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंनी टोपलीत डोकावून पाहिले. त्या पाटणबोरीकडच्या, कमी बोलणाऱ्या. "साहेबाचं रोलर आणलं असतं तं अंगणात तरी उभं केलं असतं," त्या म्हणाल्या. "हिले मी कुठं ठेवू?"

हा प्रश्न मांजरीनेच सोडवला. टोपलीतून निघून ती सत्यभामाबाईंच्या पदराला लोंबकळत खांद्यावर चढली आणि पुढचे सहा महिने तिथून फारशी उतरलीच नाही. त्या नळावर गेल्या की ही मागे. त्या भाकरी थापायला बसल्या की ही मांडीवर. कडी घातली तर उडी मारून कडी काढी. आणि सारा वेळ बोले. साध्या मांजरीसारखे म्याव नव्हे. बाळंतपणाच्या घरातून येतो तसला, भरड, हट्टी, खालून वर चढत जाणारा आवाज. सत्यभामाबाई काही बोलल्या की ती उत्तर द्यायची, आणि त्या गप्प बसल्या की काहून गप्प बसलात असे विचारायची. आठवड्याभरात त्यांनी तिचे नाव पिनसी करून टाकले, आणि त्या दोघींचे दिवसभर असे काही चाले की मुनेश्वर घरी आले की त्यांना आपण भेटीला आलो आहोत असे वाटे. त्यांच्याकडे मांजर ढुंकूनही पाहत नसे. चार्ज त्यांच्या नावावर होता, ही गोष्ट तिला मान्यच नव्हती.

सयाम हा बौद्ध देश आहे, हे मुनेश्वरांनी एका रविवारी विहारात सहज बोलून दाखवले. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. सहा वर्षांपूर्वी दीक्षा घेतल्यावर वस्तीने वर्गणी काढून बांधलेली. बोलायला नको होते. दुसऱ्याच दिवशी भागीरथाबाई काठी टेकत आल्या. वस्तीतल्या सगळ्यात वडील बाई. आपल्या धर्माचा साधा माणूससुद्धा परदेशातून कधी आला नव्हता, मांजर तर मांजर. त्यांनी पिनसीला निरखून पाहिले आणि ही पाली बोलते का, असे विचारले. पिनसी लांबलचक काहीतरी बोलली. भागीरथाबाईंनी मान डोलावली. पुढच्या रविवारी सत्यभामाबाईंच्या खांद्यावर बसून ती विहारात गेली आणि त्रिशरणाच्या वेळी सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणू लागली. मुनेश्वरांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. लोकांना मात्र बरे वाटले. तिने एकदा विहाराच्या दारात पारवा मारला, तेव्हा पंचशीलाचे काय, असा प्रश्न एका मास्तरांनी काढला. पण तिची दीक्षा कुठे झाली आहे, ती नुसती त्या देशाची आहे, असे भागीरथाबाईंनी सांगितले आणि तो विषय तिथेच मिटला.

या सगळ्यातून मुनेश्वरांच्या वाट्याला एकच गोष्ट आली. गावात त्यांना लोक 'मांजरवाले बाबू' म्हणू लागले.

पोळा झाला, आणि एका सकाळी मुनेश्वरांना पिनसीच्या नाकावर काजळी दिसली. चुलीत तोंड घातले असेल म्हणून त्यांनी ओल्या फडक्याने पुसले. निघाली नाही. दसऱ्यापर्यंत काजळी गालांवर पसरली. कान कडेने करपल्यासारखे झाले. चारही पाय कुणी चिखलात बुडवून काढावेत तसे दिसू लागले आणि शेपटी तर सरळ कोळशाच्या पोत्यातून ओढून काढल्यासारखी. थंडी जसजशी पडू लागली तसतशी मांजर काळी होत चालली.

शेजारच्या हंसाबाई रोज कुंपणावरून पाहत. त्यांचे यजमान खेमसिंग राठोड जंगल खात्यात नाकेदार होते. दोघे बंजारा तांड्यावरचे, घरी गोरबोली बोलत, पण शेजाऱ्यांशी वऱ्हाडी. हंसाबाईंच्या शेतात कापूस असे. डाग पडलेल्या, पिवळट कापसाला तिकडे कवडी म्हणतात आणि बाजारात तिला कुणी विचारत नाही. "पांढऱ्या कापसाची कवडी होऊन राह्यली बाई," हंसाबाई सत्यभामाबाईंना म्हणाल्या, आणि दृष्ट काढायला मिरच्या-मीठ घेऊन आल्या. गावाचे नावच पांढरकवडा, तेव्हा दुसरे काय व्हायचे, असे ऑफिसात कुणीतरी म्हणाले आणि ते मुनेश्वरांच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणाले.

खेमसिंगांनी मात्र मनावर घेतले नाही. "बाबू, जनावर आपला रंग आपल्या मनानं काढते," ते म्हणाले. "रानडुकराचं पिल्लू जलमते तवा पट्ट्यापट्ट्याचं असते. मोठं झालं का काळं. राहू द्या."

अख्ख्या पांढरकवड्यात एवढे एकच खरे वाक्य कुणी बोलले असेल. पण खेमसिंगांचे शिक्षण चौथीपर्यंत, आणि मलबार हिलच्या राजकन्येला रानडुकराची उपमा देणाऱ्या माणसाचा सल्ला घेणे मुनेश्वरांच्या बुद्धीला पटले नाही. त्यांनी जाणत्या लोकांना विचारले. जाणते लोक खूप निघाले. एकाने रिठा सांगितला. रिठ्याने मांजर फेसाळली, मुनेश्वरांचे दोन्ही हात ओरबाडले गेले आणि काळे होते ते उलट चकचकीत झाले. दुसऱ्याने दही आणि बेसन सांगितले. ते तिने चाटून खाल्ले आणि आणखी मागितले. हेडक्लार्क काणे यांची धोतरे साऱ्या तालुक्यात पांढरी म्हणून प्रसिद्ध होती. त्यांनी फार विचार करून निळीचे पाणी सुचवले. त्यानंतर चार दिवस मांजर फिकट निळी होती. त्या चार दिवसांत मुनेश्वर ऑफिसात मागच्या दाराने गेले.

शेवटी त्यांनी सरकारी मार्ग धरला आणि पिनसीला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेले. तिथले डॉक्टर गवळाऊ जातीच्या बैलाच्या खुराकडे पाहूनच त्याची वंशावळ सांगत. पण मांजर त्यांच्या रजिस्टरात कुठे बसत नव्हती. गाय, म्हैस, शेळी, मेंढी असे रकाने होते. बऱ्याच विचाराअंती त्यांनी तिला शेळीच्या रकान्यात घेतली आणि त्वचारोग लिहिला. औषध लावून पाहण्यासाठी पाठीवरचा पोस्टकार्डाच्या निम्मा, नीट चौकोनी तुकडा भादरला आणि पिवळे मलम चोपडले. महिन्याभरात तिथे केस उगवले. ते काळे कुळकुळीत उगवले. बाकीची पाठ अजून दुधासारखी आणि तिच्या मधोमध काळा चौकोन. डॉक्टरांनी पुन्हा तपासून मलम लागू पडले नाही असे लिहिले आणि शेळीला यापुढे आणू नये अशी सूचना केली.

त्या रात्री मुनेश्वरांनी बाईंचा इंग्रजी कागद पुन्हा काढला. नावाखाली आजवर न कळलेली एक ओळ होती : रंग, सील पॉइंट. आता सील म्हणजे काय, हे सरकारी कारकुनाला सांगावे लागत नाही. सील म्हणजे शिक्का, मोहोर. पुढे कंसात तोंड, कान, पाय आणि शेपटी यांची नावे होती. मुनेश्वरांनी दिवा जवळ ओढला. म्हणजे या खानदानी मांजरींना ओळख पटावी म्हणून ठरलेल्या ठिकाणी मोहोर केलेली असते, आणि आपण आधी ओल्या फडक्याने, मग रिठा आणि बेसन लावून ती धुऊन टाकली, त्यामुळेच रंग फुटून पसरला. त्यांनी भिंग घेऊन पिनसीचे कान तपासले. मोहोर दिसली नाही. पिनसीने त्यांच्या नाकावर पंजा मारला. शिक्क्यासारखे तिच्या अंगावर एकच काही होते, ते गुरांच्या दवाखान्याने उमटवलेले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साहेबांचे पत्र आले. आम्ही चोवीस तारखेला पोहोचतो. फेब्रुवारीत मुंबईला मांजरांचे प्रदर्शन आहे, बाई प्रिन्सेसला तिकडे नेणार आहेत. ती आनंदात असेलच.

मुनेश्वरांनी स्वतःचा चार्ज रिपोर्ट काढून वाचला. पांढरा शुभ्र. अक्षर त्यांचे, सही त्यांची. दुसऱ्या कुणी लिहिले असते तर त्याच्यावर ढकलता आले असते. साहेबाने पांढरी मांजर दिली आणि बाबूने काळ्या तोंडाची परत केली, याचा अर्थ लोक एकच काढणार : खरी विकली, बदली ठेवली. आणि ते 'लोक' कोण, काय शब्दांत बोलतील, कुणाच्या घरी दिली म्हणून असे झाले म्हणतील, हे त्यांना अक्षरशः ऐकू येत होते. हेडक्लार्कची खुर्ची गेली तर जावो. पण मुनेश्वराने फसवले, असे म्हणायला त्यांनी आजवर कुणाला जागा दिली नव्हती. दोन दिवस त्यांना भाकर गोड लागली नाही.

पंचनामा करून घ्यावा म्हणून ते पोलीस ठाण्यात गेले. हेड कॉन्स्टेबलने सगळे शांतपणे ऐकून घेतले. पंचनाम्याला गुन्हा लागतो, तो म्हणाला, आणि रंग बदलणे हा गुन्हा कुठल्याच कलमात नाही. करता येण्यासारखे एवढेच, की पांढरी मांजर हरवल्याची एक नोंद करायची आणि काळ्या तोंडाची बेवारस सापडल्याची दुसरी. मग त्याने, सयाम हे चीनच्या कितपत जवळ आहे, असे विचारले. चीनची लढाई नुकतीच थांबली होती, आणि निळ्या डोळ्यांचा पूर्वेकडचा प्राणी सरकारी नोकराच्या घरी सहा महिने राहतो ही गोष्ट वर कळवावी की नाही, याचा तो गंभीरपणे विचार करू लागला. मुनेश्वर चहा न घेता उठले.

त्यांचे उतरलेले तोंड खेमसिंगांना पाहवेना. ते मुकुटबनकडच्या तांड्यावर आपले मेहुणे धावजी यांच्याकडे गेले आणि येताना पोत्यात एक मांजर घेऊन आले. पांढरी शुभ्र होती, वयाने पिनसीएवढीच. एक डोळा निळा होता. दुसरा पिवळा होता.

"साहेबाकडं निळी बाजू करून द्या," खेमसिंग म्हणाले. "पुढचं पुढं."

मुनेश्वरांनी ती मांजर मांडीवर घेतली. ती निमूट बसली. एक शब्द बोलली नाही. चार्ज रिपोर्टाप्रमाणे रंग बरोबर, नग एक बरोबर, निळा डोळा निम्मा बरोबर. शेपटी सरळ होती, पण शेपटीकडे कोण पाहतो. ते बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सत्यभामाबाई चुलीपुढे होत्या. पिनसी त्यांच्या खांद्यावरून त्या पाहुणीकडे बघत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती.

"तिनं रंग बदलला तं ते मुकं जनावर हाये," सत्यभामाबाई मागे न वळता म्हणाल्या. "तुमी कायले बदलता?"

पांढरी मांजर दुसऱ्या दिवशी मुकुटबनला परत गेली.

मग मुनेश्वरांनी येत होते तेच केले. फाईल उघडली. मूळ चार्ज रिपोर्टाला शुद्धिपत्रक जोडले, की 'पांढरा शुभ्र' या शब्दांऐवजी 'सुरुवातीस पांढरा, तदनंतर उत्तरोत्तर काळसर' असे वाचावे. कोणत्या तारखेस कोणता भाग काळा झाला याचा तक्ता केला. निळीच्या चार दिवसांचा खुलासा वेगळ्या कागदावर दिला. मांजर तीच आहे याबद्दल पंचांचे जबाब घेतले : खेमसिंग यांची सही, हंसाबाईंचा अंगठा, गुरांच्या डॉक्टरांची सही (शेळीपुरती), आणि भागीरथाबाईंचे निवेदन की सदर मांजरीस आपण आवाजावरून ओळखतो. एकंदर एकतीस पाने झाली.

चोवीस तारखेला टिपणीस दांपत्य स्टेशनवरून परस्पर मुनेश्वरांच्या दारात आले. मुनेश्वर कडक इस्त्रीचा कोट घालून उंबऱ्यात उभे होते. मांजरीआधी फाईल, असे त्यांनी ठरवले होते. "साहेब, प्रथम एक निवेदन आहे," त्यांनी सुरुवात केली. पण बाई त्यांच्या बाजूने आत गेल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारात सत्यभामाबाई उभ्या होत्या, खांद्यावर काळ्या तोंडाची, काळ्या कानांची, निळ्या डोळ्यांची पिनसी.

"अगं बाई," टिपणीसबाई थबकून म्हणाल्या, "काय सुरेख रंग भरलाय हिचा."

मुनेश्वरांना वाटले आपण चुकीचे ऐकले. साहेब त्यांच्या हातातली फाईल चाळू लागले होते. तिसऱ्या पानावर ते हसू लागले, भादरण्याच्या पानावर त्यांना खाली बसावे लागले. सयामी पिल्ले जन्मतः पांढरीच असतात, त्यांनी डोळे पुसत समजावले. अंगाचा जो भाग थंड राहतो तो पुढे काळा होतो, तोंड, कान, पाय, शेपटी. थंडीत जास्तच. तोच त्यांचा खरा रंग, आणि सील म्हणजे समुद्रातला एक काळपट प्राणी, त्याच्यासारखा. तुमच्या कागदावर लिहिलेच होते की. मुनेश्वर म्हणाले, "होय साहेब." तीन महिन्यांची झोप गेली होती, हात ओरबाडले गेले होते, ते निळी मांजर घेऊन जगले होते, आणि खरे काय ते एका रानडुकरावरून नाकेदाराने ऑक्टोबरातच सांगितले होते. फसवणुकीचा आळ आला असता तर त्यांनी ताठ मानेने तोंड दिले असते. हसण्याला तोंड कसे द्यायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

तेवढ्यात पिनसी वळली आणि बाईंना पाठीवरचा चौकोन दिसला. त्यांचा चेहरा पडला. भादरल्यावर उघडी पडलेली कातडी थंडीत काळे केस काढते. प्रदर्शनाचा विषय संपला होता. त्यांनी त्या चौकोनावरून नुसते एक बोट फिरवले, ते मुनेश्वरांना हसण्यापेक्षा जास्त लागले. त्यांनी स्वतःहून सांगितले, की चूक माझी आहे, डॉक्टरांकडे मी नेले होते. बाईंनी मान हलवली आणि मांजर टोपलीत घातली. टोपली मोटारीपर्यंत ओरडत गेली. निरोप द्यायला सत्यभामाबाई बाहेर आल्या नाहीत. आत चुलीला फुंकर घालण्याचा आवाज बराच वेळ येत होता, आणि चूल तर पेटलेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंगल्यावरून शिपाई धावत ऑफिसात आला. मांजर दोन दिवस जेवली नव्हती, बोलून बोलून तिने बंगला डोक्यावर घेतला होता, आणि आता न्हाणीघराची कडी काढून नाहीशी झाली होती. साहेबांनी रस्त्यावरची सगळी मजूर गँग शोधाला लावली. बंगला आणि वस्ती यांच्या मधून नागपूर-हैदराबादचा हमरस्ता जात होता. त्या रस्त्यावर दिवसाला किती ट्रक जातात, याची मोजणी मुनेश्वरांनीच गेल्या वर्षी करून वर पाठवली होती. तो आकडा त्यांना अजून पाठ होता. ते कोट न घालताच निघाले आणि त्या रस्त्याच्या कडेकडेने एकेका खड्ड्यात, एकेका मोरीत वाकून पाहत गेले. 'मांजरवाले बाबू' काय शोधतायत, असे ट्रकवाल्यांनी ओरडून विचारले. पिनसी, पिनसी, अशी हाक ते भर रस्त्यात मारत होते. याचे त्यांना काहीच वाटत नव्हते, हे त्यांच्या नंतर लक्षात आले.

दुपारी ते रिकाम्या हातांनी घरी आले, तर पिनसी सत्यभामाबाईंच्या मांडीवर बसून मासळीचे काटे वेचत होती.

"दहा वाजताच आली," सत्यभामाबाई म्हणाल्या.

सारे ऑफिस उन्हात फिरून राहिले आहे, मग निरोप काहून नाही पाठवला, असे मुनेश्वरांनी विचारले. त्यांचा आवाज चढला होता.

"तिले जेवू तं द्या," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी नवऱ्याच्या चिखलाने भरलेल्या गुडघ्यांकडे पाहिले आणि त्यांच्यासाठीही ताट वाढले. जेवताना पिनसी उठली, मुनेश्वरांचा घाम सुटलेला हात हुंगला आणि त्यांच्याशी चार शब्द बोलली. ते त्यांच्याशी तिचे पहिलेच बोलणे. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले.

बाई संध्याकाळी आल्या. टोपली आणली होती, पण ती त्यांनी जमिनीवर ठेवली नाही. मांजर पाहिली, सत्यभामाबाईंना पाहिले आणि म्हणाल्या, की असू दे इथेच. या जातीचे असेच असते, एका माणसाला धरतात. रुमालाने त्यांनी नाक पुसले आणि सर्दी झाल्याचे सांगितले.

साहेबांनी गोपनीय शेरा लिहिला : प्रामाणिक, अतिकाटेकोर, क्षुल्लक बाबींवर मोठमोठ्या फाईली उभारण्याकडे कल. मुनेश्वरांना तो कळला तेव्हा आपले भवितव्य संपले असे वाटले. पण वरच्या ऑफिसात तो वाचणाऱ्यांनी, हेडक्लार्कला आणखी काय लागते, असे म्हणून फेब्रुवारीत ऑर्डर काढली.

त्या वर्षी टिपणीसबाई दर रविवारी चार वाजता वस्तीत येत. मोटार हमरस्त्यावर उभी करून चालत येत, हातात कागदात गुंडाळलेले बोंबील नाहीतर झिंगे. सत्यभामाबाई सतरंजी टाकत, चहा ठेवत. पहिल्या रविवारी बाईंनी कपाकडे जरा पाहिले होते. तिसऱ्या रविवारी आणखी साखर मागितली. दारातून भागीरथाबाई, कुंपणावरून हंसाबाई पाहत. मोठ्या साहेबाची बायको सतरंजीवर मांडी घालून, तळहातावर झिंगा धरून, "प्रिन्सेस, प्रिन्सेस" करी, आणि पिनसी सत्यभामाबाईंच्या मागे जाऊन काळा चौकोन बाईंकडे करून बसे. बाईंचा हात अवघडे. त्या तो बदलत आणि पुन्हा पुढे धरत.

सत्यभामाबाईंना त्यांची दया येई. त्या चहाचा कप पुढे सरकवत आणि समजूत घालत.

"थांबा जराशा बाई," त्या म्हणत. "नव्या माणसाची सवय नाई तिले."